वळणं दिसली, वाळूचं काय?

नदी ओळखायची ती वरून. पंचगंगेचा नकाशा कुणाहीपुढे ठेवला, प्रयाग चिखलीपासून नरसोबाच्या वाडीपर्यंत तिने घेतलेले वळसे दाखवले, तर ही नदी आहे हे सांगायला भूगर्भशास्त्र शिकलेलं असावं लागत नाही. त्याच नदीला आडवा चर खणून नुसती चराची भिंत दाखवली, तर मात्र जाणकारही घुटमळतो. भिंतीत दिसतो तो मातीत रुतलेला, मध्ये जाड आणि कडांना निमुळता होत गेलेला वाळूचा तुकडा. तो नदीचा असेल, एखाद्या खाडीचा असेल, नाहीतर एकाच पुराने टाकून दिलेला ढीग असेल. जिलबी उभी कापली तर कापावर दोनचार गोल ठिपके दिसतात. तिची वळणं कळायला ती ताटात आडवीच बघावी लागते. तेल आणि वायू शोधणाऱ्यांच्या कित्येक पिढ्या अशा ठिपक्यांवर अंदाज बांधत राहिल्या. त्रिमितीय, म्हणजे आमच्या रोजच्या बोलण्यातल्या थ्रीडी, सिस्मिक सर्वेक्षणाने पहिल्यांदा ताट समोर आणून ठेवलं, आणि लाखो वर्षांपूर्वी गाडल्या गेलेल्या नद्या पडद्यावर वळणावळणांनी दिसू लागल्या. या कामात ज्यांनी डोळे घालवले त्यांच्यापैकी मी एक आहे, त्यामुळे थ्रीडीचं मोल कमी करण्याचा माझा हेतू नाही. माझं म्हणणं वेगळं आणि थोडं अडचणीचं आहे. थ्रीडीने नदी सापडण्याचा प्रश्न इतका चांगला सोडवला, की नदी सापडली म्हणजे साठा सापडला असं मानायची सवय आम्हाला लागली. आकार हा नदी कुठून गेली याचा पुरावा आहे. तिच्या पोटात काय भरलंय आणि जे भरलंय ते एकमेकांना जोडलेलं आहे का, हे प्रश्न आकाराने सुटत नाहीत. त्यांचे पुरावे वेगळे मागावे लागतात, आणि ते मागायची खरी वेळ चित्र सगळ्यात देखणं दिसत असतं तेव्हाची असते.

सर्वेक्षणाची मूळ रीत सोपी आहे. जमिनीवर स्फोट करून किंवा कंपनयंत्राने, समुद्रात एअरगनने ध्वनीची लाट खाली सोडायची. खडक बदलतो त्या प्रत्येक सीमेवरून तिचा थोडा भाग परत फिरतो. तो किती वेळाने आणि किती जोराने परत आला हे नोंदवायचं. जुन्या टूडी पद्धतीत हे सगळं एका रेषेवर चाले, आणि दोन रेषांमध्ये किलोमीटर-दोन किलोमीटरचं अंतर सहज असे. कोल्हापूरजवळ पंचगंगेचं पात्र दोनशे मीटरच्या आतलं. असल्या नदीला अशी रेष फार तर एखाददोन ठिकाणी कापणार, आणि या रेषेवरचा ठिपका पलीकडच्या रेषेवरच्या कोणत्या ठिपक्याशी जोडायचा हे ज्याच्या त्याच्या कल्पनाशक्तीवर राहणार. शिवाय रेषेच्या बाजूला असलेल्या वस्तूंचे प्रतिध्वनीही रेषेखालून आल्यासारखे नोंदले जात, ते निराळंच. थ्रीडीत ध्वनी सोडायच्या आणि ऐकायच्या जागांचं जाळंच पसरतात, नोंदी साडेबारा बाय पंचवीस मीटरसारख्या लहान चौकटींत गोळा करतात, आणि मग गणिताने प्रत्येक प्रतिध्वनी त्याच्या खऱ्या जागी नेऊन बसवतात. नुसता रेषेच्या दिशेने सरकवून नव्हे, आडव्या दोन्ही दिशांनी. असं पहिलं सर्वेक्षण एक्सॉनने १९६७ साली टेक्सासमध्ये ह्यूस्टनजवळच्या फ्रेंड्सवूड इथे केलं. पण या ठोकळ्याचा आडवा काप घेतला तर त्यात नदी दिसते, हे जगाला पटलं ते १९८१ मध्ये, ॲलिस्टर ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थायलंडच्या आखातातल्या गाडलेल्या पात्रांचे काप छापले तेव्हा. त्यानंतर १९९५ च्या सुमारास शेजारच्या नोंदी एकमेकींशी किती जुळतात हे मोजून कडा उठावदार करणारी पद्धत आली, १९९९ च्या सुमारास लाटेच्या वेगवेगळ्या कंपनसंख्या सुट्या करून पात्राची जाडी चाचपण्याची पद्धत आली. आज तांबडा, हिरवा आणि निळा अशा तीन रंगांत तीन कंपनसंख्या मिसळून काढलेला काप पाहिला तर उपग्रहाने काल टिपलेलं छायाचित्र असावं असं वाटतं. घोटाळ्याची सुरुवात या वाटण्यातच होते.

कारण हे छायाचित्र नाही. आडव्या दिशेने त्याची दृष्टी तीक्ष्ण असली तरी उभ्या दिशेने ती बरीच मंद असते. ध्वनीचा वेग सेकंदाला २,४०० मीटर आणि लाटेची कंपनसंख्या ४० धरली तर लाटेची लांबी ६० मीटर होते, आणि थराचा माथा व तळ वेगळे दिसण्याची मर्यादा तिच्या पावपट, म्हणजे १५ मीटर. त्याहून पातळ थर दिसतच नाही असं नाही, पण त्याचा माथा आणि तळ एकमेकांत मिसळून एकच उजळ पट्टी उरते. पंधरा मीटर म्हणजे पाच मजली इमारत. एवढ्या जाडीत नदी कितीदा तरी आली, थांबली, सरकली, पुन्हा आली असेल. चित्रात त्या सगळ्यांची मिळून एक सुबक वळणदार नदी उमटते. दुसरं असं की एकाच वेळेच्या पातळीवर घेतलेला काप एकाच काळचा असतोच असं नाही. थर कललेले असले की सपाट काप एका टोकाला जुन्या मातीतून जातो आणि दुसऱ्या टोकाला नव्या. म्हणून जुनं भूपृष्ठ ओळखून त्याच्या कलाने काप घ्यावा लागतो, आणि ते भूपृष्ठ ओळखणं हे अजूनही माणसाचं, वाद घालण्याजोगं काम आहे.

आता पोटात काय भरलंय या प्रश्नाकडे येऊ. वळणदार नदीत वाळू असते कुठे? बाहेरच्या काठाला पाणी खात जातं, तिथे डोह पडतात. आतल्या बाजूला प्रवाह मंदावतो आणि वाळू थराथराने साचत मळी पुढे सरकते. एका वळणाची मान फार अरुंद झाली की एखाद्या पुरात नदी ती तोडून सरळ जाते, मागे नालाकृती सरोवर उरतं, आणि पुढची शेकडो वर्षं त्यात पडत राहतो तो बारीक चिखल. म्हणजे गाडल्यानंतर चित्रात जी सगळ्यात ठळक, नागमोडी पट्टी दिसते, ती बऱ्याचदा या चिखलाने भरलेल्या शेवटच्या पात्राची असते. कामाची वाळू असते तिच्या कुशीत, वळणांच्या आतल्या बाजूला, जिथे चित्रात फार तर एकात एक बसलेल्या फिकट कमानी दिसतात. याचा सर्वांत भक्कम पुरावा कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतातला आहे. तिथल्या अथाबास्का भागातला मॅकमरे हा खडकसमूह सुमारे अकरा-बारा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि तो पृष्ठभागापासून काहीशे मीटरच खाली असल्याने तिथले थ्रीडी काप विलक्षण स्वच्छ निघतात. किलोमीटर-किलोमीटर रुंदीच्या मळ्या, तुटलेली वळणं, सगळं मोजून घ्यावं असं. सुदैवाने तिथे डांबरासारखं घट्ट तेल काढण्यासाठी इतक्या दाटीने विहिरी खोदल्या गेल्या की चित्र आणि खडक शेजारी ठेवून पाहता येतात. ते पाहिल्यावर कळतं की उठून दिसणारं पात्र चिखलाने बुजलेलं आहे, तेल आतल्या मळीत आहे, आणि त्या मळीतही दर पुरानंतर बसलेले चिखलाचे कललेले पापुद्रे आहेत. तेल पातळ करायला खाली सोडलेली वाफ या पापुद्र्यांपाशी अडते. चित्रात मात्र हे पापुद्रे नाहीत. ते पंधरा सेंटिमीटरचे असोत की दीड मीटरचे, लाटेच्या लांबीपुढे दोन्ही सारखेच.

आकारावरून भरणीचा काहीच अंदाज येत नाही, असंही मी म्हणत नाही. एक जुनी आणि मला फार आवडणारी खूण आहे. वरून माती-दगडांचं ओझं वाढत गेलं की चिखल पाणी सोडून दबतो, त्याची जाडी निम्म्याहून कमीही होऊ शकते. वाळू त्या मानाने फारच थोडी दबते. त्यामुळे पात्र वाळूने भरलं असेल तर काही काळाने त्याच्या वरचे थर तिथे किंचित फुगतात, आणि चिखलाने भरलं असेल तर खचतात. एकेकाळचा खळगा जमिनीखाली उंचवटा होऊन बसतो. ही खूण मिळाली तर ती रंगापेक्षा विश्वासाची, कारण रंग फसवतो. खडकातल्या पाण्यात पाचदहा टक्के वायू मिसळला तरी ध्वनीचा वेग जवळजवळ तितकाच उतरतो जितका पूर्ण वायूने भरलेल्या खडकात उतरतो. पट्टी तितकीच उजळते आणि विहिरीतून येतं ते पाणी. पण फुगवट्याच्या खुणेलाही पात्र पुरेसं जाड लागतं, आणि पुढे भ्रंश, वाकणं-वळणं झालेली नसावी लागतात. अशा अटी जुळलेल्या जागा थोड्याच.

कोल्हापुरात बसून याचा विचार करताना आणखी एक गोष्ट डोळ्यांआड करता येत नाही: नदी काय वाहून आणणार हे तिच्या उगमाकडचे खडक ठरवतात. पंचगंगेचं सगळं खोरं जवळपास पूर्णपणे बेसॉल्टचं आणि त्यावरच्या जांभ्याचं. बेसॉल्टमध्ये स्फटिकासारखी टिकाऊ, पांढरी क्वार्ट्झची वाळू तयार होण्याजोगं काही नसतं. तो झिजला की मुख्यतः त्याची काळी चिकणमाती होते, ऊस पोसणारी. कुणी म्हणेल, मग कृष्णा-पंचगंगेच्या वाळूवर इतकी वर्षं घरं बांधली ती कशाची? वाळू असतेच, पण तिचे कण बरेचसे काळ्या दगडाचे, आणि असे कण आजच्या बांधकामाला चालले तरी दीड-दोन किलोमीटर खाली लाखो वर्षं दबून राहिले की चेपतात, कुजून त्यांची माती होते, आणि त्यातून सुटलेली द्रव्यं उरलेल्या पोकळ्या बुजवतात. तेल-वायूला जागा हवी ती या पोकळ्यांचीच. गोदावरीचं भाग्य वेगळं, कारण नाशिक-मराठवाड्याचा काळा दगड ओलांडल्यावर तिला प्राणहिता मिळते, आणि प्राणहितेमार्गे भंडारा-गडचिरोलीकडच्या ग्रॅनाइटी खडकांतून आलेली वैनगंगेची वाळू. पुढे इंद्रावती आणि शबरी त्यात भर घालतात. पंचगंगेइतकं सुंदर वळण गाडलं गेलं तरी त्याचा साठा म्हणून उपयोग शून्य असू शकतो, आणि थ्रीडीच्या कापात दोन्ही नद्या सारख्याच देखण्या दिसतील.

आणि कोल्हापूरच्या पोटात? हा प्रश्न येतोच, म्हणून थोडक्यात. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार नद्या दिसतात, पाचवी सरस्वती गुप्त. ती शोधायला कुणी एअरगन आणलेली नाही हे बरंच आहे. लाव्ह्याच्या थरांवर थर असलेला हा दगड ध्वनी वरच्यावर परतवतो आणि विखुरतो, त्यामुळे त्याखालचं चित्र काढणं मुळातच कठीण. तरी खाली काय आहे हे आपल्या परिसरात विहिरींनी पाहिलेलं आहे. कोयना खोऱ्यात रासाटीला भूकंप-अभ्यासासाठी घेतलेलं छिद्र १,५२२ मीटर खोल गेलं. पहिले सुमारे ९३२ मीटर बेसॉल्ट आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटी खडक, मध्ये नदीच्या गाळाचा थर नाही. मराठवाड्यात किल्लारीला ६१७ मीटरच्या छिद्रात ३३८ मीटर बेसॉल्टखाली जेमतेम आठ मीटर गाळ सापडला. कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिणेला कलादगी समूहाचे वालुकाश्म डोकावतात, पण ते इतके प्राचीन आणि घट्ट की त्यांत साठवण उरलेली नाही. इथे कुठलंही चित्र कामाला आलं नाही, आलं ते छिद्र. आणि त्याने नकार दिला तोही उपयोगाचाच.

चित्र आणि उत्पादन यांच्यातल्या दरीची आपल्याकडची सर्वांत मोठी कहाणी कृष्णा आणि गोदावरी या पूर्ववाहिनी नद्यांच्या मुखासमोर घडली. काकिनाड्याच्या समोर खोल समुद्रातला केजी-डी६ हा गट नव्या परवाना धोरणाच्या पहिल्या फेरीत रिलायन्सकडे गेला, तिथे थ्रीडी सर्वेक्षण झालं, आणि ऑक्टोबर २००२ मध्ये वायू सापडल्याचं जाहीर झालं. इथली पात्रं काटेकोरपणे बोलायचं तर नद्यांची नव्हेत. नदीने आणलेला गाळ समुद्राच्या उतारावरून गढूळ लोंढ्यांनी खाली घसरतो आणि तळावर पात्र कोरतो. त्यालाही वळणं असतात, काठाला बांध असतात, आणि वरून पाहिलं तर ती नदीच वाटते. पण ही पात्रं आडवी सरकण्यापेक्षा एकावर एक चढत जातात, आणि त्यांच्या काठांवर पातळ वाळू-चिखलाच्या शेकडो घड्या साचतात. प्लायोसीन काळातली ही पात्रं चित्रात उजळ होती, विहिरींत वायू निघाला, म्हणजे शोध खरा होता. २००६ च्या विकास आराखड्यात धीरूभाई-१ आणि ३ या क्षेत्रांतून सुमारे दहा लाख कोटी घनफूट वायू काढता येईल असं धरलं होतं आणि रोजचं उत्पादन आठ कोटी घनमीटरपर्यंत न्यायचं होतं. एप्रिल २००९ मध्ये वायू सुरू झाला, २०१० मध्ये उत्पादन रोज सहा कोटी घनमीटरच्या आसपास पोहोचलं, आणि तिथून ते घसरत गेलं. काढता येण्याजोग्या साठ्याचा आकडा पुढे सुमारे तीन लाख कोटी घनफुटांवर आणला गेला. फेब्रुवारी २०२० मध्ये ही दोन क्षेत्रं बंद झाली.

याची कारणं काय यावर दोन बाजू आहेत आणि दोन्ही ऐकण्याजोग्या आहेत. कंपनीचं म्हणणं असं, की भूगर्भ अपेक्षेपेक्षा गुंतागुंतीचा निघाला, दाब भराभर उतरला, विहिरींत पाणी आणि वाळू शिरली. हायड्रोकार्बन महासंचालनालयाचं म्हणणं असं, की आराखड्यात ठरल्या तेवढ्या विहिरी खोदल्याच नाहीत. या वादाचा निवाडा करण्याचा अधिकार मला नाही. पण माझ्या मुद्द्यापुरतं पाहिलं तर दोन्ही बाजू एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात. भूगर्भ गुंतागुंतीचा होता म्हणजे चित्रात जोडलेले दिसणारे वाळूचे पट्टे खाली सुटे होते. आणि जास्त विहिरींनी जास्त वायू आला असता म्हणजे तरी काय, तर एका विहिरीला सगळा पट्टा रिकामा करता येत नव्हता. पट्टे तुटक निघण्यात नवलही नाही. आमच्या पंचगंगेचंच पाहा: ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यापाशी धोक्याची पातळी ४३ फूट असताना पाणी ५५ फुटांवर गेलं, आणि ते ओसरल्यावर घराघरांत उरला तो चिखल. वाळू पात्राबाहेर फारशी पडतच नाही. नदीत काय किंवा समुद्राच्या उतारावर काय, दोन वाळूंच्या मध्ये चिखल घालून ठेवायची पाण्याची ही सवय सगळीकडची आहे.

गंमत अशी की याच परिसरात जोडणीचा प्रश्न उलट दिशेनेही उभा राहिला. शेजारच्या गटांतला आपला वायू सीमेपलीकडच्या विहिरींतून काढला जातो आहे, अशी तक्रार ओएनजीसीने केली. डीगॉलियर अँड मॅकनॉटन या सल्लागार संस्थेने २०१५ मध्ये अहवाल दिला, की साठे सीमेच्या दोन्ही बाजूंना सलग आहेत आणि अकरा अब्ज घनमीटरहून जास्त वायू पलीकडे गेला आहे. प्रकरण लवादाकडे गेलं. २०१८ मध्ये निकाल रिलायन्सच्या बाजूने लागला, २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने तो फिरवला. कायद्याचा वाद बाजूला ठेवला तरी भूगर्भशास्त्राच्या दृष्टीने हे उदाहरण बोलकं आहे. ज्या भागात जोडणी धरून आकडे मांडले तिथे ती कमी पडली, आणि कागदावरच्या सीमेने जिथे पात्राचे दोन तुकडे केले होते तिथे ती पुरेशी निघाली. पात्र सीमा ओलांडतं हे थ्रीडीच्या कापात आधीही दिसू शकत होतं. त्यातून वायू खरोखर वाहतो की नाही, हे दाबाचे आणि उत्पादनाचे आकडे हाती आल्याशिवाय कुणालाच छातीठोक सांगता आलं नसतं.

यावर एक आक्षेप असा घेतला जातो, की मग या चित्रांचा सोस कशाला, जुन्या पद्धतीने उंचवटे आणि भ्रंश शोधावेत. आक्षेपाला बळ देणारं उदाहरणही आहे. राजस्थानात बाडमेरजवळचं मंगला हे क्षेत्र जानेवारी २००४ मध्ये सापडलं. तिथला फतेहगढ समूहाचा वालुकाश्म अस्सल नद्यांचा आहे, पण तो सापडला तो भ्रंशामुळे कललेल्या ठोकळ्याच्या आकारावरून. सुट्या पात्रांची देखणी चित्रं पाहून नव्हे. खालच्या भागात नदीवर नदी इतक्या वेळा चढली आहे की वाळू सलग झाली आहे. खडकात वाळूचा वाटा साधारण तीस टक्क्यांच्या पुढे गेला की पात्रं कुठे ना कुठे एकमेकांना भिडतातच, आणि मग प्रत्येक पात्राची वळणं माहीत असण्याची गरज उरत नाही. हे सगळं मान्य. पण असे सोपे उंचवटे बरेचसे शोधून झाले आहेत, आणि चिखलाच्या राज्यात एकटीदुकटी वाळूची नदी असते तिथे थ्रीडीला पर्याय नाही. म्हणजे जिथे चित्राची सर्वांत जास्त गरज आहे तिथेच जोडणीचा भरवसा सर्वांत कमी आहे. चित्र टाकून द्यावं असा याचा अर्थ मी काढत नाही. आराखड्यातला आकडा चित्रावरून लिहू नये एवढाच काढतो.

दुसरा आक्षेप नव्या पिढीचा: आता संगणक स्वतःच पात्रं ओळखतो, माणसाच्या सवयींचा प्रश्न येतो कुठे? संगणक पात्राच्या कडा माणसापेक्षा लवकर आणि न कंटाळता काढतो, हे खरंच. पण त्याला शिकवायला जी उदाहरणं दिली जातात ती माणसांनी रंगवलेली असतात, आणि माणूस ठळक तेच रंगवतो. शिवाय नोंदीत जी माहिती उतरलीच नाही ती कुठलंही यंत्र तिच्यातून काढू शकत नाही. दीड मीटरचा चिखलाचा पापुद्रा साठ मीटरच्या लाटेला जाणवला नाही, तर तो संगणकालाही जाणवणार नाही. फार तर अशा ठिकाणी सहसा पापुद्रे असतात, असं तो शिकलेल्या उदाहरणांवरून सांगेल. ते सांगणं उपयोगी आहे, पण तो अनुभवी माणसाचा अंदाजच झाला, मोजमाप नव्हे.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तोच खरा वजनदार. खोल समुद्रात एक विहीर म्हणजे शेकडो कोटींचा खर्च. चित्र इतकं स्पष्ट असताना खात्रीसाठी आणखी चार विहिरी कुणी का खोदाव्यात? याचं उत्तर देताना खर्च कोणाच्या खिशातून जातो ते पाहावं लागतं. घाट उतरून गेलं की अंजनवेलला सुमारे १,९६७ मेगावॉटचा दाभोळचा वीजप्रकल्प आहे. एन्रॉननंतर बंद पडलेला हा प्रकल्प रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नावाने उभा करताना भिस्त होती ती याच वायूवर. वायू आटला तसा २०१३ मध्ये तो पुन्हा ठप्प झाला, आणि २०१५ च्या अखेरीस रेल्वेला सुमारे ५०० मेगावॉट देण्यापुरता चालू झाला, तोही आयात वायूवर. देशभर असे आणखी प्रकल्प होते. न खोदलेल्या विहिरीचा वाचलेला खर्च त्यांच्या हिशेबात कुठे तरी लागलेला असतोच.

शिवाय प्रश्न विहिरींच्या संख्येपेक्षा जागेचा जास्त आहे. या धंद्यात पहिल्या विहिरी नेहमी सर्वांत उजळ जागी घेतल्या जातात, आणि ते साहजिक आहे; पैसे लावणाऱ्याला आधी वायू दाखवावा लागतो. पण उजळ जागेवरच्या तीन-चार विहिरी यशस्वी झाल्या की सगळ्या चित्रावरचा विश्वास वाढतो, आणि जिथे कुणी पाहिलेलं नाही अशा मंद भागालाही तेच गुण वाटले जातात. हे नमुने निवडूनच घेतलेले होते हे मग कुणाच्या लक्षात राहत नाही. मला विचाराल तर उत्पादनाचा आकडा जाहीर होण्याआधी निदान एक विहीर चित्राला खोटं पाडायच्या इराद्याने घ्यावी: दोन पात्रांच्या मधल्या फिकट पट्ट्यात, किंवा एकच पात्र वळण घेऊन पुन्हा उजळतं त्याच्या अलीकडे, जिथे चिखलाची भिंत असण्याची शक्यता जास्त. तिथे वायू नाही निघाला तरी चालेल. तिच्यात दाबमापक सोडून ठेवावा, शेजारची विहीर काही महिने वाहू द्यावी, आणि इकडचा दाब हलतो का ते पाहावं. हलला तर जोडणी आहे, नाही हलला तर पट्टे सुटे धरून आराखडा पुन्हा मांडायचा. काही वर्षांनी तेच थ्रीडी सर्वेक्षण पुन्हा करून जुन्या-नव्या नोंदींची वजाबाकी केली की वायू कुठून उपसला गेला आणि कुठे तसाच राहिला हेही दिसतं. उत्तर समुद्रातल्या क्षेत्रांत ही पद्धत रुळली आहे. पण ती उत्पादन सुरू झाल्यानंतरची. आराखडा मंजूर होतो त्या दिवशी हाती असतं ते एक सुंदर चित्र आणि थोड्या उजळ जागेवरच्या विहिरी, आणि आकडा लिहायचा असतो तो त्यावरच.